देठ न तोडता

स्मरणिकेच्या संपादकांचे पत्र आले, त्यात हवे ते स्वच्छ लिहिले होते. प्लास्टिक सर्जरी विभाग कसा सुरू झाला, प्रमुख कोण कोण होऊन गेले, खाटा किती होत्या नि किती झाल्या. ही माहिती या अंकात इतर लेखांत येणारच आहे, तीही माझ्यापेक्षा नीट. जे.जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेजचा इतिहास मला मात्र नेहमी पायांच्या बाजूने दिसत आला. भायखळ्याच्या या फाटकातून पावणेदोनशे वर्षे माणसे लंगडत, कुणाच्या खांद्यावर, हातगाडीवर, रुग्णवाहिकेतून आत येत आहेत. त्यांच्या गुडघ्याखाली काय झाले होते आणि आपण त्याचे काय केले, एवढे सांगता आले तरी संस्थेचा बराचसा इतिहास सांगून होईल असे मला वाटते.

मात्र सुरुवात भायखळ्यात होत नाही, पुण्यात होते. आणि पायापासून होत नाही, नाकापासून होते.

सर चार्ल्स मॅलेट हा पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज कंपनीचा पहिला कायमचा वकील. जुन्या मराठी कागदांत तो ‘मालेट’ म्हणून भेटतो. पुण्यात येण्यापूर्वी त्याने खंबायतला कंपनीची रेसिडेन्सी सांभाळली होती. १७८६ मध्ये तो पुण्यात आला, मुळा-मुठेच्या संगमावर त्याने ठाण मांडले आणि १७९७ पर्यंत नाना फडणवीसांशी त्याचा बुद्धिबळाचा डाव चालू राहिला. त्याचा पत्रव्यवहार रियासतकार सरदेसाई यांनी संपादून छापला आहे. तो वाचताना जाणवते की या माणसाला राजकारणाइतकेच बाकीचेही कुतूहल होते. वेरूळच्या लेण्यांवर त्याने लिहिलेले वर्णन एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत आले. गंगाराम तांबट या पुणेरी कारागिराकडून त्याने लेणी रेखाटून घेतली. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्याच्या आश्रयाला होता; पुढे मॅलेटने वेल्सच्या मुलीशीच लग्न केले. विद्वान वकील म्हणावा असा हा माणूस. इंग्रजांना असे वकील सापडत गेले, ही आपल्या दृष्टीने फारशी सुखाची गोष्ट नव्हती, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

मॅलेटच्या कारकिर्दीतले सर्वांत मोठे काम म्हणजे १७९० च्या जूनमध्ये पुण्यात झालेला करार. टिपू सुलतानाविरुद्ध पेशवे, निजाम आणि कंपनी एक झाले. या कराराच्या दरबाराचे भले थोरले तैलचित्र पुढे टॉमस डॅनियलने रंगवले; त्यात झुंबरे, गालिचे, पागोटी सगळे आहे. लढाई १७९२ मध्ये संपली. त्या लढाईत इंग्रज फौजेचे बैल हाकणारा एक गाडीवान टिपूच्या माणसांच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यात आले. इंग्रजी मजकुरात त्याचे नाव ‘कावसजी’ असे छापले आहे. नाव वाचून तो पारशी वाटतो, पण त्याच मजकुरात तो मराठा, शेतकरी जातीचा असल्याचे लिहिले आहे. मला तर तो कुणी कावजी असावा असे वाटते. ऐकणाऱ्याच्या कानाने बाकीचे केले असणार.

वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. वृत्तान्तात या कारागिराची जात विटा करणाऱ्यांची सांगितली आहे, म्हणजे आपल्या बोलीत कुंभार. रेसिडेन्सीचा सर्जन टॉमस क्रूसो आणि मुंबईचा आणखी एक इंग्रज सर्जन यांनी ही क्रिया डोळ्यांनी पाहिली. वेल्सने कावसजीचे चित्र काढले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये सगळी हकीकत आली.

ती हकीकत मी विद्यार्थ्यांना नेहमी वाचून दाखवत असे, कारण त्यात एक शब्दही फुकट नाही. मेणाचा पातळ पत्रा करून तो नाकाच्या खुंटावर बसवायचा, हवे तसे नाक घडवायचे. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढायची. रेघेवर कापून कपाळाची चामडी सोडवायची, पण सगळी नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी तशीच ठेवायची. या पट्टीवर चामडी पीळ देऊन खाली वळवायची आणि खुंटावर पाडलेल्या खाचेत तिच्या कडा बसवायच्या. टाके नाहीत. काथ पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर लावायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. चार दिवस हात लावायचा नाही. मग पट्ट्या काढून तुपात भिजवलेले फडके ठेवायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे. आणि साधारण पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधली ती पट्टी कापायची.

काथ आणि तूप. पानाच्या तबकातली आणि देवघरातली वस्तू. पण खरी विद्या त्या पंचविसाव्या दिवसात आहे. चामडी उचलली की तिला रक्त लागते. ते रक्त पंचवीस दिवस त्या चिंचोळ्या पट्टीतून येते. तेवढ्यात नव्या जागेतून बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात, आणि मग जुना आधार तोडला तरी चालते. आम्ही त्या पट्टीला देठ म्हणतो. देठासकट उचललेली चामडी म्हणजे फ्लॅप. देठ नसलेली, नुसती सोलून लावलेली पातळ चामडी म्हणजे ग्राफ्ट. रुग्णांच्या भाषेत हा फरक फार छान उतरतो. ग्राफ्ट केलेला म्हणतो, ‘चामडी लावली’. फ्लॅप केलेला म्हणतो, ‘मांस लावलं’.

लंडनच्या जोसेफ कार्प्यूने ही कृती वाचून १८१४ मध्ये इंग्लंडात तसेच नाक केले आणि दोन वर्षांनी त्यावर पुस्तक लिहिले. तिथून ती युरोपभर गेली. कुंभाराचे नाव मात्र कुणीच लिहून ठेवले नाही. चित्रकाराचे आहे, सर्जनांचे आहे, वकिलाचे आहे, अगदी रुग्णाचेही आहे.

आता भायखळा. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी लाख रुपये देऊ केले, कंपनी सरकारने आपला वाटा उचलला, ३ जानेवारी १८४३ रोजी कोनशिला बसली आणि १५ मे १८४५ रोजी रुग्णालय उघडले. त्याच वर्षी शेजारी गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ग्रँट स्वतः सात वर्षांपूर्वीच दापोडीला वारले होते. पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली. त्यात भाऊ दाजी लाड होते. अजिंठ्याचे शिलालेख वाचणारे भाऊ दाजी सगळ्यांना माहीत असतात. कडू कवठीच्या तेलाने महारोगावर उपचार करणारे भाऊ दाजी थोड्यांना. महारोगाचा हा धागा या संस्थेत पुढे शंभर वर्षांनी पुन्हा वर येतो, म्हणून तो इथे सोडून ठेवतो.

१८५८ मध्ये एक सत्तावीस वर्षांचा इंग्रज डॉक्टर मुंबईत उतरला आणि आपल्या कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागला. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर त्याचे नाव. त्याच वर्षी लंडनला ‘ग्रेज ॲनाटमी’ची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातली सगळी चित्रे, तीनशे त्रेसष्ट, या कार्टरची. तो थेट लाकडी ठोकळ्यांवर उलट्या बाजूने चित्र काढत असे, म्हणजे छापल्यावर सुलट उमटावे. नावे रेघ ओढून बाजूला न लिहिता त्या त्या रक्तवाहिनीवर, स्नायूवरच लिहायची, ही त्याची खास तऱ्हा. पोटरीच्या मागून उतरणारी पोस्टिरियर टिबियल धमनी त्या चित्रात आपले नाव अंगावर घेऊन घोट्यापर्यंत जाते. जगभरच्या सर्जनांनी पायाच्या धमन्या ज्या चित्रांवरून पाठ केल्या, त्यांचा चित्रकार आपल्या कॉलेजात मास्तर होता. पुस्तकाचा लेखक ग्रे याला खपानुसार मानधन मिळत राहिले, कार्टरला एकदाच दीडशे पौंड मिळाले.

इथे आल्यावर त्याच्यापुढे पाय आले ते वेगळेच. तळव्यावर, घोट्याभोवती गाठी. गाठींना बारीक तोंडे. तोंडांतून पू आणि पुवाबरोबर मोहरीएवढे काळे किंवा पांढरे दाणे. पाय सुजून दुप्पट, वर्षानुवर्षे. अनवाणी शेतात राबणाऱ्या माणसांचा हा रोग; बाभळीचा काटा रुततो आणि त्याबरोबर मातीतले जंतू आत जातात. मदुरेकडे तो पहिल्यांदा वर्णिला गेला म्हणून त्याला ‘मदुरा फूट’ म्हणत. कार्टरने सूक्ष्मदर्शकाखाली ते दाणे पाहिले आणि हा बुरशीचा रोग आहे असे मांडले. त्याने त्याला ‘मायसिटोमा’ हे नाव दिले. १८७४ मध्ये त्यावर त्याचे पुस्तकही निघाले. निदान आले, उपाय नव्हता. बुरशी हाडात पोचली की पाय गुडघ्याखाली कापायचा. त्या काळच्या जगात दुसरे काही करण्यासारखे नव्हतेच.

मधल्या काळावरून लवकर पुढे जातो. काही वर्षे साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून काढून कार्टर परत आला, १८७७ मध्ये कॉलेजचा प्रमुख झाला. त्याच्या जाण्यानंतर प्लेगच्या साथीत हाफकिन इथेच लस करत होता. ती गोष्ट सर्वश्रुत आहे. पायाच्या बाबतीत मात्र काळ जागच्या जागी होता. उघडे हाड दिसले की पाय कापायचा हा नियम सर्वत्र होता, आणि तो क्रूर असला तरी वेडेपणाचा नव्हता. हाडाला बाहेरची हवा लागली की पू, पुवातून ताप, तापातून मरण. ग्लासगोत जोसेफ लिस्टरने ऑगस्ट १८६५ मध्ये कार्बोलिक आम्लाची पट्टी पहिल्यांदा यशस्वी केली ती अकरा वर्षांच्या मुलाच्या नडगीवरच. गाडीचे चाक त्याच्या पायावरून गेले होते.

नडगीच का, हे समजून घेण्यासारखे आहे. आत्ता वाचता वाचता हात खाली न्या आणि गुडघ्याखाली पुढच्या बाजूने बोट फिरवा. चामडी आणि हाड, मध्ये काही नाही. खाटेच्या कडेला नडगी आपटल्यावर जी कळ येते ती या रचनेमुळे. मांडीच्या हाडाभोवती स्नायूंची जाड दुलई असते; ते मोडले तरी बहुधा झाकलेले राहते. नडगी मोडली की अणकुचीदार टोक चामडी फाडून बाहेर येते. वरच्या दोन-तृतीयांशात मागे पोटरीचा मांसल भाग तरी आहे, खालच्या एक-तृतीयांशात फक्त दोऱ्यांसारख्या कंडरा. आणि उघड्या हाडावर सोललेली चामडी धरत नाही. हाडावरचे आवरण गेले असेल तर तिला खालून रक्त मिळत नाही, ती चार दिवसांत काळी पडून सुटते. तिथे आपले रक्त घेऊन येणारीच चामडी लागते. देठवाली.

कुंभाराची कृती पायाला लावायची तर अडचण उभी राहते. नाकाला कपाळ शेजारी आहे. नडगीच्या शेजारी काय आहे? दुसरा पाय. अमेरिकेच्या फ्रँक हॅमिल्टनने १८५४ मध्ये तेच केले. चांगल्या पायाच्या पोटरीवरची चामडी तीन बाजूंनी उचलायची, चौथी बाजू तशीच ठेवायची आणि ती चामडी दुसऱ्या पायाच्या जखमेवर शिवायची. याला क्रॉस-लेग फ्लॅप म्हणतात. आमच्या पिढीने तो भरपूर केला. दोन्ही पायांना प्लास्टर, मध्ये आडवी काठी, म्हणजे झोपेतही पाय एकमेकांपासून दूर जाऊ नयेत. आणि असे तीन आठवडे. कुशीवर वळायचे नाही. बेडपॅन द्यायचे तर दोन मावश्या आणि एक मामा लागत. तिसऱ्या आठवड्यात देठ कापायचा, म्हणजे कुंभाराच्या हिशेबाशी दोन-चार दिवसांचा फरक. वीस वर्षांच्या पोराला हे जमे. पन्नाशीच्या माणसाचे गुडघे त्यात असे आखडत की जखम भरे आणि माणूस उकिडवा बसू शकत नसे. आपल्याकडे उकिडवे बसता न येणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी वाट हॅरल्ड गिलीजने पहिल्या महायुद्धात शोधली. ऑक्टोबर १९१७ मध्ये इंग्लंडात एका भाजलेल्या खलाशाच्या चेहऱ्यावर काम करताना त्याला दिसले की उचललेल्या चामडीच्या कडा आपोआप आत वळतात. त्याने त्या एकमेकींना शिवून टाकल्या. झाली नळी. आत रक्त वाहते, बाहेरून जंतू शिरत नाहीत. अशी नळी पोटावर तयार करायची, तिचे एक टोक मनगटावर लावायचे, ते धरले की पोटाकडचे टोक सोडवून हात पायाजवळ न्यायचा आणि चामडी नडगीवर उतरवायची. प्रत्येक टप्प्याला तीन-तीन आठवडे. एक पाय झाकायला सहा महिने सहज जात.

या गिलीजच्या हाताखाली शिकलेला एक माणूस आपल्याकडे आला आणि त्याने इथला ‘टाटा प्लास्टिक सर्जरी विभाग’ उभा केला. डॉ. नोशीर होरमसजी अंटिया. जन्म १९२२, हुबळीचा. इंग्लंडहून परतल्यावर पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रिया केल्या आणि मग जे.जे.त टाटा न्यासांच्या मदतीने हा विभाग घडवला. प्लास्टिक सर्जरी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर नटनट्यांची नाके येतात. अंटियांचे रुग्ण होते बसके नाक, गळालेल्या भुवया आणि वाकडी बोटे घेऊन आलेले महारोगी. रोग बरा झाला तरी चेहऱ्यामुळे गाव ज्यांना घरात घेत नव्हते ते.

आणि त्यांचे पाय. महारोगात पायाची जाणीव जाते. काटा रुतला, निखारा पायाखाली आला, चपलेचा खिळा वर आला, कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो आणि तळव्याला भोक पडते. तरुण सर्जनला तिथे फ्लॅप करायची घाई असते. फ्लॅप उत्तम लागतो, रुग्ण घरी जातो, अनवाणी चालतो आणि सहा महिन्यांनी तीच जखम त्याच जागी घेऊन येतो. तेव्हा कळते की आधी मऊ रबराच्या तळव्याची चप्पल, मग सुरी. एका चपलेने जितके पाय वाचवले तितके आमच्यातल्या कुणाच्याही सुरीने वाचवले नसतील, असे मी पैजेवर सांगेन.

अंटियांना हे फार आधी उमगले असावे. १९७५ मध्ये त्यांनी ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ ही संस्था काढली. अलिबागजवळच्या मांडव्याला गावातल्या बायकांना शिकवून त्यांच्या हाती आरोग्याचे काम देण्याचा प्रयोग त्यांनी केला. त्या बायका ते काम करू शकतात, बऱ्याचदा डॉक्टरपेक्षा बरे करतात, असे ते ठामपणे लिहीत राहिले. देशातल्या अव्वल प्लास्टिक सर्जनने रुग्णालयावरचा विश्वास कमी करून गावाची वाट धरावी हे त्या काळी अनेकांना रुचले नाही. विक्षिप्तपणा म्हणून हसण्यावारी नेणारेही होते. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००७ मध्ये ते गेले.

पण मी सांगत होतो ती देठाची गोष्ट. १९७१ च्या ‘ब्रिटिश जर्नल ऑफ प्लास्टिक सर्जरी’त अंटिया आणि डॉ. व्ही. आय. बुच यांचा पाच पानी लेख आला. लेखाखाली पत्ता आपल्या विभागाचा. पोटावरचा चामडीखालचा चरबीचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट पूर्ण कापून काढला आणि नव्या जागी त्या वाहिन्या थेट जोडून दिल्या, अशी ती हकीकत. म्हणजे देठ तोडला आणि तिथल्या तिथे दुसरीकडे जोडला. पंचवीस दिवस, तीन आठवडे, काठी, प्लास्टर, सगळे एका झटक्यात अनावश्यक. अशा जोडणीच्या जगातल्या अगदी पहिल्या नोंदींत या लेखाची गणना होते. दोन वर्षांनी मेलबर्नला डॅनियल आणि टेलर यांनी जांघेची चामडी घोट्याजवळच्या जखमेवर अशीच जोडली आणि ‘फ्री फ्लॅप’चे युग सुरू झाले ते पायापासूनच. पाठ्यपुस्तकांत मोठ्या अक्षरात मेलबर्न असते, मुंबई तळटिपेत. मला त्याचा राग नाही. पण स्मरणिका हीच तळटीप वर आणण्याची जागा आहे.

हे सगळे एकदम वॉर्डात आले असे मात्र नाही. सूक्ष्मदर्शक हवा, केसाहून बारीक दोरा हवा, एक-दोन मिलिमीटरच्या नळीला आठ-दहा टाके घालणारा हात हवा आणि सहा-आठ तास मोकळे शस्त्रक्रियागृह हवे. दरम्यान जवळचीच मदत घेण्याच्या युक्त्या निघाल्या. राल्फ गेर यांनी साठच्या दशकात पोटरीचा स्नायूच वळवून नडगीवर आणायचे सुचवले. वरच्या एक-तृतीयांशाला वरवरचा पोटरीस्नायू, मधल्याला त्याच्या खालचा सोलियस. हा हिशेब आजही परीक्षेत विचारतात. स्वीडनच्या पोंटेनने १९८१ मध्ये दाखवले की चामडीबरोबर खालचे पातळ आवरण उचलले तर पायावरही लांबच लांब फ्लॅप जगतो. आणि १९९२ मध्ये फ्रान्सच्या मास्कले यांनी पोटरीच्या मागून जाणाऱ्या संवेदनेच्या मज्जातंतूभोवतीच्या बारीक वाहिन्यांवर उलटा फिरवलेला सुरल फ्लॅप मांडला. टाच आणि घोटा झाकायला तो जणू आपल्यासाठीच केलेला. सूक्ष्मदर्शक नको, रात्र नको. तालुक्याच्या गावातला सर्जन तो दीड-दोन तासांत करतो. आमच्याकडून शिकून गेलेल्यांनी आपापल्या जिल्ह्यांत सर्वांत जास्त कोणता फ्लॅप केला म्हणून विचाराल तर बहुतेक हाच ऐकू येईल.

उशिराचे दुखणे मात्र कुठल्याही फ्लॅपने जात नाही. स्लोव्हेनियाच्या मार्को गोदिनाने पाचशे बत्तीस रुग्णांचा हिशेब १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. अपघातानंतर ७२ तासांत झाकलेल्या जखमांत फ्लॅप वाया गेले ०.७५ टक्के; त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत केलेल्यांत १२ टक्के. जंतुसंसर्ग १.५ टक्के आणि १७.५ टक्के. हा तक्ता मी चर्चावर्गाच्या फळ्यावर किती वेळा लिहिला असेल कोण जाणे. अपघातग्रस्त पायांसाठी आयुष्य दिलेला हा सर्जन त्याच वर्षी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मोटार अपघातात गेला.

आमच्याकडे ७२ तास बऱ्याचदा रस्त्यातच संपलेले असत. आधी गावातली पट्टी, मग तालुका, मग जिल्हा, मग ‘मुंबईला न्या’. सोबत पिशवीत एक्स-रे, हळद लावलेली जखम, चेहऱ्यावर दोन रात्रींचे जागरण आणि एकच प्रश्न: ‘पाय राहील ना?’ याचे उत्तर देणे हेच या कामातले सर्वांत अवघड. पायाला बाहेरून सळ्या लावलेल्या, खाली हाड कोरडे पडलेले, तळवा बधिर. अशा वेळी पाय वाचवण्याचा हट्ट हा कधी कधी सर्जनचा हट्ट असतो. सहा शस्त्रक्रिया, दोन वर्षे, घरची म्हैस विकलेली, आणि शेवटी काठी टेकत चालणारा माणूस. जयपूर फूट लावून तिसऱ्या महिन्यात तो शेतावर गेला असता. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलने २००६ मध्ये याच निर्णयासाठी गुणांची पद्धत मांडली. चामडी, स्नायू, हाड, बाकीची दुखणी यांना वेगवेगळे गुण देऊन बेरीज करायची. चौदापर्यंत वाचवा, सतरा आणि पुढे कापा. मधल्या पंधरा-सोळाला अनुभव लागतो, आणि नातेवाइकांशी खाली बसून बोलायची तयारी.

फ्री फ्लॅपची रात्र ज्याने वॉर्डात काढली आहे त्याला वर्णन नको. तरी नव्यांसाठी. खोलीतला पंखा बंद, कारण गारठ्याने वाहिन्या आक्रसतात. पायाखाली उशा. फ्लॅपवर चार टाके सैल, आणि मध्ये पेनाने केलेली फुली; तिथे दर तासाला रक्ताचा प्रवाह ऐकवणारी डॉप्लरची कांडी ठेवायची आणि फूस-फूस आवाज ऐकायचा. गुलाबी रंग ठीक. पांढरा आणि गार म्हणजे रक्त आत येत नाही. जांभळा आणि फुगलेला म्हणजे बाहेर जात नाही. हे जास्त वेळा होते. सुई टोचून थेंब बघायचा, लालभडक की काळपट. पहाटे साडेतीनला सिस्टरचा फोन येतो, ‘सर, रंग जरा बदललाय’, आणि त्या ‘जरा’तला स्वर ऐकून तुम्ही चप्पल शोधता. जी सिस्टर असा फोन करते तिने फ्लॅप वाचवलेला असतो, आपण नंतर फक्त टाके घालतो. या संस्थेच्या इतिहासात अशा सिस्टरांची नावे यायला हवीत. मी इथे देत नाही, कारण एकीचे दिले तर बाकीच्या विचारतील.

आणखी एक शत्रू: तंबाखू. निकोटीनने बारीक वाहिन्या मिटतात. प्रत्येक रुग्णाला बजावले जाते, प्रत्येक जण मान हलवतो, आणि उशीखाली पुडी सापडते. पुरुषांकडे गायछाप, बायकांकडे मिसरी. भेटायला आलेला मेहुणा डब्यातून चुना आणतो.

तिसऱ्या आठवड्यात पाय खाटेवरून खाली सोडायचा, आधी पाच मिनिटे. रक्त उतरून फ्लॅप वांग्यासारखा होतो आणि रुग्ण घाबरतो. मग दहा मिनिटे, मग पंधरा. मग वॉकर, मग घर. आणि साधारण वर्षाने तो ओपीडीत परत येतो, आपल्या पायांवर, तक्रार घेऊन. बूट बसत नाही. नडगीवर जांघेची चामडी आहे, तिच्यावर जांघेचे केस उगवतात, हे त्याला आधी कुणी सांगितलेले नसते. त्याहून गंमत म्हणजे ती चरबी पोटाकडची आहे आणि ते विसरलेली नाही. बरा होऊन तो घरी बसून जेवला, चार किलो वाढला, तर पोटाबरोबर पायही सुटतो. असाच एक जण टेबलावर पाय ठेवून मला म्हणाला होता, ‘डॉक्टर, उपवास धरला तर हा पण उतरेल का?’ मी म्हटले, उतरेल. पुढच्या वेळी तो आला तेव्हा सोबत नवे बूट आणले होते, घालून दाखवायला.